पाहिल्याशिवाय टिक नाही

एखादी गोष्ट पटली की ती हवेत टिक मारायची. उजव्या हाताचं बोट आधी जरा खाली यायचं आणि मग झर्रकन वर जायचं. जुळलेल्या ताळेबंदाला टिक, मायक्रोवेव्हमधून नीट गरम होऊन आलेल्या डब्याला टिक, रूट नाइनवर थांबून वाट देणाऱ्या ट्रकवाल्यालाही टिक. पण उगाच नाही मारायची. भाजी कशी झालीय विचारलं, तर नुसत्या वासावरून "मस्त" म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. घास घ्यायची, चावायची, गिळायची आणि मगच बोट हलायचं.

"पाहिल्याशिवाय टिक नाही, ताई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. जिच्याबद्दल वाईट बोलावं म्हटलं तर धड जागाच सापडत नाही. अशी माणसं फार त्रास देतात. मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. जो काही समज होईल तो बरोबरच असेल.

बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं पाच माणसांचं ऑफिस आहे. छोट्या दुकानदारांचे टॅक्स रिटर्न भरायचे, त्यांचे हिशेब तपासायचे, असलं काम. साहेब अमेरिकन, सत्तरीचे. त्यांना सगळे पहिल्या नावानं हाक मारतात. मीही मारते, पण मनातल्या मनात साहेबच म्हणते. पुण्याच्या नामांकित कॉलेजातून एमकॉम, फर्स्ट क्लास, अकाउंटन्सीत कॉलेजात पहिली, अशी मी इथं आल्यावर सहा वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसले. मग वर्क परमिट आलं आणि ही नोकरी लागली. ती आली तेव्हा मला तिथं चार वर्षं झाली होती.

ती अमरावतीची. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बीकॉम झाल्यावर तिनं एमकॉम बाहेरून केलेलं, आणि तिथल्या एका टॅक्स सल्लागाराकडे पाच वर्षं बसून पावत्यांवर हिरव्या पेनानं टिका मारलेल्या. हिरवी पेनं ती तिथूनच डझनावारी घेऊन आली होती. पहिल्या दिवशी मी तिला कुठून शिकलीस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बाहेरून, ताई." मी "हं" म्हटलं. त्या "हं"मध्ये मी काय काय भरलं होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

आम्ही दोघी एकाच वेळी सीपीएच्या मागे लागलो. सीपीए म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखं. परीक्षेचे चार पेपर, प्रत्येकात पंचाहत्तर मिळाले तर पास. शिवाय कॉलेजचं शिक्षण इथल्या मापानं पाच वर्षांचं भरलं पाहिजे, कामाचा अनुभव पाहिजे, आणि मग आपल्या राज्याचं बोर्ड लायसन्स देतं. लायसन्सशिवाय कितीही काम करा, सही दुसऱ्याची.

माझे तीन पेपर सुटले. ऑडिटचा अडला. पहिल्यांदा चौऱ्याहत्तर. दुसऱ्यांदाही चौऱ्याहत्तर. आणि हिचे मात्र एकामागून एक. निकाल लागला की माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणायची, "ताई, झालं." किती, ते मी विचारल्यावरच सांगायची. अठ्ठ्याऐंशी. मग एक्याण्णव. उड्या मारल्या असत्या तर मला नावं तरी ठेवता आली असती.

"पेढे कुठायत?" साहेबांना न कळणाऱ्या भाषेत मी विचारलं.

"आपल्या दोघींचे मिळून आणू ना. तुमचं ऑडिट होऊ द्या."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

घरी मी तिच्याबद्दल इतकं बोलायचे की माझी मुलगी एकदा वहीतून मान वर न करता म्हणाली, "मॉम, आर यू जेलस ऑर व्हॉट?" मी म्हटलं, अभ्यास कर. नवरा हसला. मी त्यालाही काहीतरी काम सांगितलं.

वूस्टरच्या परीक्षा केंद्रात आत सोडण्यापूर्वी खिसे उलटे करून दाखवावे लागतात, बाह्या वर कराव्या लागतात, चष्मासुद्धा तपासतात. आम्ही एकदा एकाच दिवशी गेलो होतो. तिच्या खिशातून आवळा सुपारीची पुडी निघाली. तिथल्या गोऱ्या बाईनं ती दोन बोटांत धरली आणि "मॅम, व्हॉट इज धिस?" म्हणून विचारलं. ही तिला म्हणाली, "टेस्ट अँड सी." आणि त्या बाईनं खरंच खाल्ली! तोंड वेडंवाकडं केलं, मग बरं वाटल्यासारखं केलं. हिनं हवेत टिक मारली आणि आत गेली. मी बाहेरच घामाघूम. त्या दिवशी हिला एक्याण्णव मिळाले, मला दुसरे चौऱ्याहत्तर.

ऑगस्टपर्यंत तिचे चारही पेपर पूर्ण झाले. आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. आमच्या ऑफिसातला सीनियर डिसेंबरअखेर रिटायर होणार होता. खिडकीजवळची, मेपलच्या झाडासमोरची त्याची जागा. साहेब हसत हसत म्हणाले, तुमच्यापैकी जिच्या हातात नवीन वर्षापर्यंत लायसन्स असेल, तिची ती खुर्ची.

त्या खुर्चीकडे मी किती वर्षं बघत होते ते मलाच माहीत. माझा एक पेपर बाकी होता. तिचं बाहेरून केलेलं एमकॉम मात्र इथं पूर्ण धरत नव्हते, त्यामुळे शिक्षण पाच वर्षांच्या मापात थोडंसं कमी भरत होतं. त्यावर उपाय तिच्याकडे होता. अमरावतीला तिनं करकायद्याचा एक डिप्लोमा केला होता. तो धरला की माप पूर्ण. पण इथली जी संस्था आपल्याकडच्या पदव्या तपासते, ती मार्कलिस्ट सुटी घेत नाही. विद्यापीठानंच पाकिटात घालून चिकटवलेली, झाकणावर शिक्का मारलेली लागते. पाकीट उघडलं की संपलं.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी ऑक्टोबरात पुण्याला निघाले होते. ती म्हणाली, "ताई, माझं एक पाकीट आणाल? भाऊ तुमच्या घरी आणून देईल. पोस्टावर माझा भरवसा नाही."

भरवसा माझ्यावर होता.

तिचा भाऊ शाळेत मास्तर. विद्यापीठात तीन खेपा घालून, रजा टाकून त्यानं ते पाकीट मिळवलेलं. एसटीनं पुण्याला आला. कापडी पिशवीत प्लास्टिकची पिशवी, त्यात वर्तमानपत्र, आणि त्यात पाकीट. पाणी प्यायच्या आधी त्यानं ते माझ्या हातात दिलं.

"मॅडम, उघडायचं नाही बरं. तिनं दहादा सांगितलं मला."

"नाही हो, कशाला उघडू?" मी म्हटलं. आणि ते म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं.

दोन दिवस पाकीट कपाटात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई हॉस्पिटलातून घरी येऊन झोपली होती. मी चहा टाकला. आधणाची वाफ बघता बघता माझ्या डोक्यात आलं, हिला डिप्लोम्याला किती मार्क असतील? तिथंही एक्याण्णव? बस, एवढंच. वाईट करावं असं काही मनात नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. वाफेवर धरल्यावर झाकण चांगल्या मुलीसारखं सुटलं.

बावन्न टक्के. आणि ऑडिटमध्ये पहिल्या खेपेला नापास! दुसऱ्या खेपेला एकाहत्तर.

तो चहा मला जितका गोड लागला तितका अजून कुठलाच लागलेला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी कपबशी घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि चक्क हसले.

मग चिकटवायला गेले तर घरात गोंद नाही. आईला उठवून विचारणार कसं? लहानपणी आम्ही पतंग आणि पाकिटं भातानंच चिकटवायचो. कुकरमधली चार शितं घेतली, बोटानं चिरडली, झाकणाखाली लावली, शिक्क्याची रेघ रेघेला जुळवली आणि वर शब्दकोश ठेवला. संध्याकाळी बघितलं तर काही कळत नव्हतं. निदान मला.

परत आल्यावर ऑफिसात तिच्या हातात पाकीट दिलं. आता ती बारकाईनं बघणार असं मला वाटलं. पण तिनं ते छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं हवेत टिक मारली. न पाहता. तिला असं करताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्याच दिवशी तिनं ते मोठ्या लिफाफ्यात घालून संस्थेकडे रवाना केलं.

तीन आठवड्यांनी परत आलं. बरोबर चिठ्ठी: पाकिटाशी छेडछाड झालेली आहे, ग्राह्य धरता येत नाही. तिनं खुर्चीत बसून ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग चष्मा पुढे ओढून झाकण उलटं केलं आणि कडेनं बघत गेली. एका कोपऱ्यात वाळलेलं शीत होतं. नखानं तिनं ते सोडवलं आणि कागदावर ठेवलं.

"बॉस्टनला कस्टमवाल्यांनी माझी बॅग उघडली होती," मी म्हटलं. "हल्ली काहीही तपासतात, यार. आय ॲम सो सॉरी."

ती त्या शिताकडे बघत होती.

"असेल," ती म्हणाली.

बोट वर गेलं नाही.

नव्यानं पाकीट मागवायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा भावाच्या रजा, आणि तिकडून काही महिने तरी लागणार, असं उत्तर आलेलं. त्यापेक्षा तिनं इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन विषय घेतले. जानेवारी ते मे. दिवसभर ऑफिस, त्यातून आमचे टॅक्सचे धावपळीचे महिने, आणि साडेपाच वाजता बर्फावरून गाडी काढून क्लास. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मी तिला खिडकीतून बघायचे. दोन पोरांची आई, पार्किंगमध्ये उभ्यानं केळं खात होती.

आणि ती खुर्ची? ती दोघींनाही मिळाली नाही. साहेबांनी बॉस्टनहून लायसन्सवाला एक जण आणला. चांगला माणूस आहे, त्याला मेपल दिसतसुद्धा नाही, पडदा लावून बसतो. म्हणजे माझ्या हाताला काही लागलं नाही, तिचं गेलं ते गेलंच. तरीसुद्धा, अगदी खरं सांगते, ती नाही बसली म्हणून मला आतून बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत एक दिवस ती डबा घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ताई, तुमचं ऑडिट काऊन अडते ते पाहू आपण." तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. मी नाही म्हणू शकत नव्हते आणि हो म्हणायला तोंड नव्हतं. ती प्रश्न वाचायची आणि मला थांबवायची. "हे तुम्ही कुठं पाहिलं? कागदात दाखवा. नाही ना? मग काऊन मान्य करता?" माझी खोड तिनं आठवड्यात पकडली. मला उत्तर आधी सुचायचं आणि पुरावा मी मागून शोधायचे. फर्स्ट क्लासवाल्यांना ही सवय असते.

एकदा मी चिडून म्हटलं, "तुला काय, तुला सगळं येतंच."

ती हसली. "मी ऑडिटात नापास झालेली आहे, ताई. डिप्लोम्याला. तेव्हा शेठकडे दिवसाला पाचशे पावत्या यायच्या, न पाहताच धडाधड टिका मारायची. परीक्षेत तसंच मारलं. आपटली. तेव्हापासून पाहिल्याशिवाय टिक नाही."

जे मी वाफेवर चोरून वाचलं होतं, ते तिनं लोणच्याच्या फोडीबरोबर असंच सांगून टाकलं. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला ठसका लागला. ती पाणी आणायला उठली.

एप्रिल संपल्यावर मी पेपर दिला. एक्याऐंशी. तिच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "झालं." तिनं हात पुढे केला. "दाखवा." फोनवरचा निकाल तिनं नाव, तारीख, आकडा सगळं वाचून बघितला आणि मग टिक मारली. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पावडरीचे पेढे आले. दोघींचे मिळून.

जूनमध्ये तिचं लायसन्स आलं. त्यापुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची नोकरी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेली आणि ती निघाली. शेवटच्या दिवशी टेबल पुसून, ड्रॉवर उघडून बघून, तिनं रिकाम्या ड्रॉवरला टिक मारली. मला दोन हिरवी पेनं दिली. सनीव्हेलला तिला मोठ्या ऑफिसात काम मिळालं, असं कळलं. त्याचाही मला हेवा वाटला. तिथं तर बर्फही नाही.

दरम्यान माझा अर्ज रेंगाळला होता. शिक्षणाचं माप भरलं, अनुभवाच्या कागदावर साहेबांनी सही केली. राहिला एक कागद. तुम्हाला निदान तीन वर्षं ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या आणि तुमचा साहेब नसलेल्या लायसन्सवाल्यानं तुमच्या चारित्र्याबद्दल लिहून द्यायचं, पाकिटात घालून चिकटवायचं, झाकणावर सही करायची. ते पाकीट न उघडता अर्जदारानं बाकीच्या कागदांबरोबर बोर्डाला पाठवायचं. कागदावर पहिलाच प्रश्न होता: या व्यक्तीच्या प्रामाणिकपणाबद्दल तुम्हाला स्वतःला काय माहिती आहे?

तीन वर्षं मला ओळखणारी अशी एकच व्यक्ती होती. जुन्या सीनियरनं रिटायर होताना लायसन्स सोडून दिलं होतं, आणि बॉस्टनवाल्याला यायला अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

पंधरा दिवस मी तो फॉर्म बॅगेत घेऊन फिरले. दुसरं कुणी मिळतं का बघितलं. खरं न सांगताच तिच्याकडे पाठवावा, असंही मनात आलं. ती काही बोलली नसती. पण मग तिला माझ्यासाठी खोटं लिहावं लागलं असतं, नाहीतर खरं लिहून माझं लायसन्स घालवावं लागलं असतं. शेवटी रविवारी सकाळी ईमेल लिहिली. "ते पाकीट मी उघडलं होतं. तुझे मार्क बघायचे होते. तू माझ्या पुढे गेलीस ते मला सहन होत नव्हतं. कस्टमवाल्यांचं मी खोटं सांगितलं. तुझे पाच महिने आणि ती खुर्ची माझ्यामुळे गेली. माझ्यासाठी तुला फॉर्म भरायचा नसेल तर मला समजेल. भरलास तर खरं तेच लिही."

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं.

"ताई, कस्टमवाले कुकर लावून बसत नाहीत. फॉर्म पाठवा."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बर्फ खरवडताना माहीत होतं, मला ऑडिट शिकवताना माहीत होतं, पेढे वळताना माहीत होतं. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. आणि रडता रडता मला तिचा पुन्हा हेवा वाटला. सगळं माहीत असून असं वागणं तरी मला तिच्याआधी जमायला हवं होतं, असं वाटलं. स्वभावाला काय करणार?

आठवड्यानं तिचा लिफाफा आला. आत बंद पाकीट. त्यावर हिरव्या पेनानं बोर्डाचा पत्ता. झाकणावर तिची आडवी सही. मी पाकीट उजेडाशी नेलं, तिच्यासारखंच कडेकडेनं बघितलं, तर एका कोपऱ्यात वाळलेलं शीत. कॅलिफोर्नियात गोंद मिळत नाही अशातला भाग नाही. तिनं ते भातानं चिकटवलं होतं.

मी हसले, मग हसू थांबलं. भातानं चिकटवलेलं पाकीट किती सहज सुटतं आणि किती बेमालूम परत बसतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. माझ्याबद्दल तिनं काय लिहिलंय, ते एका चहाच्या आधणावर कळलं असतं. हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू.

सहीच्या शेजारी टिक आहे का, म्हणून मी पुन्हा पुन्हा बघितलं. नव्हती. एकदा तिनं माझ्यासाठी न पाहता टिक मारली होती. आता मी या पाकिटाचं काय करते ते तिला सनीव्हेलहून दिसणार नव्हतं.

लायसन्स दीड महिन्यानं आलं. आता ते भिंतीवर आहे, माझी सही आता माझी आहे. तिनं आत काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही.

तिचं पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी सगळे कागद मोठ्या लिफाफ्यात घातले, तिचं पाकीट जसंच्या तसं त्यांच्यात सरकवलं आणि चालत कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेले. पेटीचं तोंड ओढलं आणि लिफाफा आत सोडला. रस्त्यावर कुणीच नव्हतं. मला कुणी पाहिलं नाही.